परदेशात पोचल्यावर जीपीएस नुसता शोधत राहतो: यंत्र बिघडलं की सेटिंग चुकलं?

दिशादर्शी (प्रश्न)

हातात धरायचा साधा जीपीएस रिसीव्हर आहे. १२ चॅनेलचा (एका वेळी १२ उपग्रह ऐकू शकणारा), दोन एए सेलवर चालणारा, २००० च्या दशकातला. मोबाईलला किंवा इंटरनेटला जोडायची सोय नाही. नेहमीच्या भागात चालू केला की मिनिटभरात जागा दाखवतो. साधारण नऊ हजार किलोमीटरचा विमानप्रवास झाल्यावर मात्र मोकळ्या मैदानातही वीस-वीस मिनिटं ‘उपग्रह शोधत आहे’ यापुढे जात नाही. उपग्रहांच्या पानावर सिग्नलच्या पट्ट्या उमटत नाहीत. एखादी उमटलीच तर पोकळ राहते आणि थोड्या वेळाने नाहीशी होते. शेवटी ‘सिग्नल क्षीण’ असा संदेश येतो.

इथला टाइम झोन लावून पाहिला, फरक पडला नाही. सेल नवे आहेत. यंत्रात या देशाचा नकाशा नाही, फक्त खंडाची ढोबळ किनाररेषा दिसते.

वेगळ्या खंडासाठी वेगळं सेटिंग लागतं का? नकाशा नसल्यामुळे उपग्रह सापडत नाहीत, असं होऊ शकतं का? सरळ फॅक्टरी रीसेट मारू का? इथून पुढचा टप्पा दक्षिण गोलार्धात आहे, डोंगरात आठ दिवस, मोबाईलला रेंज नाही. त्यामुळे हे त्याआधी सुटायला हवं.

कक्षा५५

रीसेट अजिबात मारू नका. बहुतेक यंत्रांत त्याने साठवलेले वेपॉइंट (खुणेच्या जागा), रूट (आखलेले मार्ग) आणि ट्रॅक (चाललेल्या वाटेची नोंद) पुसले जातात, आणि तुमचं काम त्याशिवाय होणार आहे. रिसीव्हर बिघडलेला नाही. तो चुकीच्या आकाशात शोधतोय.

जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, एक फेरी ११ तास ५८ मिनिटांची. तुमच्या डोक्यावर एका वेळी त्यातले आठ ते बारा असतात, बाकीचे पृथ्वीच्या आड. बंद होताना रिसीव्हर तीन गोष्टी जपून ठेवतो: शेवटची जागा, घड्याळ आणि अल्मनॅक, म्हणजे सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक. पुन्हा चालू केला की या तिन्हींवरून ‘आत्ता वर कोण असेल’ याचा हिशोब करतो आणि फक्त त्यांनाच शोधायला लागतो. घड्याळ बरोबर, अल्मनॅक बरोबर, पण जागा नऊ हजार किलोमीटर मागची. हे अंतर पृथ्वीच्या परिघाच्या पाव भागाला आलं. त्याच्या यादीतले बरेचसे उपग्रह तुमच्या इथे क्षितिजाखाली आहेत आणि जे डोक्यावर आहेत ते यादीत नाहीत.

मग तो सरसकट सगळेच का शोधत नाही? कारण एकेक उपग्रह शोधणं जुन्या चिपला फार महाग पडतं. प्रत्येक उपग्रहाचा संकेत १०२३ ‘चिप’ (इथे चिप म्हणजे संकेताचा छोटा तुकडा) लांबीचा असतो आणि तो अर्ध्या-अर्ध्या चिपने सरकवून जुळवावा लागतो, म्हणजे २०४६ शक्यता. त्यात उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारता ५ किलोहर्ट्‌झने इकडेतिकडे सरकलेली असते. ती ५०० हर्ट्‌झच्या टप्प्यांनी तपासायची म्हटली तर २१ टप्पे. गुणाकार जवळजवळ ४३,००० घरांचा, म्हणजे तपासायच्या जोड्यांचा, येतो, तोही एका उपग्रहासाठी. वर यंत्रातल्या क्रिस्टलची चूक असतेच. ती दहा लाखांत एक भाग एवढी जरी असली तरी १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर दीड किलोहर्ट्‌झचा फरक पडतो. तुमची १२ चॅनेलची चिप ही घरं थोडी-थोडी करून तपासते. नंतरच्या चिपांमध्ये लाखावारी घरं एकाच वेळी तपासली जातात, म्हणून नव्या यंत्रांत हा प्रश्न जाणवतही नाही.

आता कृती. चारही बाजूंनी मोकळी जागा गाठा. उपग्रहांच्या पानावर जाऊन मेन्यू उघडा. गार्मिनच्या त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांत तिथे ‘न्यू लोकेशन’ असतं, इतर यंत्रांत ‘इनिशियलाइझ’ किंवा तशाच नावाचं काहीतरी. त्यात सहसा दोन पर्याय मिळतात: ‘यूज मॅप’ आणि ‘ऑटोमॅटिक’. पहिला घ्या. जगाच्या नकाशावर खूण हलवून तुम्ही आहात त्या भागावर आणा आणि एंटर दाबा. दोनशे-तीनशे किलोमीटरची चूक चालते, त्यामुळे तुमच्याकडची ढोबळ किनाररेषा पुरे आहे. ‘ऑटोमॅटिक’ने रिसीव्हर जुनी जागा सोडून आंधळा शोध घेतो. तोही यशस्वी होतो, पण वेळ जास्त घेतो.

काही यंत्रं नकाशाऐवजी अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ विचारतात. अंश पूर्णांकात दिले तरी भागतं, पण उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम ही अक्षरं दोनदा वाचा. दक्षिणेला ३३ अंशांवर उभे असताना ‘उत्तर’ तसंच राहिलं, तर तुम्ही यंत्राला सात हजार किलोमीटरहून जास्त लांब नेऊन ठेवलंत.

मग यंत्र ठेवून द्या, हलवू नका. पट्टी पोकळ दिसते म्हणजे सिग्नल लागलाय, पण त्या उपग्रहाची अचूक कक्षा, म्हणजे एफेमेरिस, अजून उतरायची आहे. ही माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने येते. ३० सेकंदांच्या एका फ्रेममधले पहिले १८ सेकंद यासाठी लागतात. मध्येच तुम्ही झाडाखाली गेलात आणि एखादा तुकडा निसटला, की तो परत येईपर्यंत आणखी ३० सेकंद गेले. चालता-चालता फिक्स (म्हणजे नक्की जागा) मिळवायचा प्रयत्न फसतो तो इथे. तीन पट्ट्या भरीव झाल्या की फक्त अक्षांश-रेखांश मिळतात, चार झाल्या की उंचीसकट.

टाइम झोनचा संबंध फक्त पडद्यावरच्या वेळेशी, आतलं घड्याळ जीपीएसच्याच वेळेवर चालतं. नकाशा हे नुसतं चित्र, तो नसला तरी अक्षांश-रेखांश तेवढेच बरोबर येतात.

सेलतपास

वरच्या प्रतिसादाशी सहमत. ‘न्यू लोकेशन’ला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या, एका मिनिटाचं काम आहे.

एक, रिसीव्हरचा जीपीएस भाग बंद तर नाही? विमानात किंवा घरात बसून रूट तयार करताना ‘जीपीएस ऑफ’ किंवा ‘डेमो’ मोड लावला जातो आणि तसाच राहतो. काही यंत्रांत डेमो मोडमध्ये पट्ट्या छान भरीव दिसतात आणि जागाही दाखवली जाते, पण ती बनावट असते. म्हणून आकडा आला की तो खरंच तुमच्या भागातला आहे का, ते बघा.

दोन, ‘बॅटरी सेव्ह’ मोड बंद करून ‘नॉर्मल’ करा. त्या मोडमध्ये रिसीव्हर मधूनमधून झोपतो. एकदा फिक्स मिळाल्यावर ते ठीक आहे, पण पहिल्यांदा शोधताना सलग ऐकणं गरजेचं आहे. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल वापरत असाल तर मेन्यूत सेलचा प्रकारही तोच निवडा. त्यांचा व्होल्टेज १.२ असतो, अल्कलाइनचा १.५. प्रकार चुकला तर यंत्र सेल भरलेले असतानाच ‘संपत आले’ म्हणायला लागतं. डोंगरात थंडी असेल तर अल्कलाइन लवकर मान टाकतात. तिथे लिथियम एए न्या, यंत्राच्या पुस्तिकेत चालतात असं लिहिलेलं असेल तर.

आणखी एक. यंत्र सेलशिवाय महिनोन्‌महिने पडून राहिलं तर आतल्या घड्याळाचा छोटा बॅकअपही उतरतो. मग वेळ गेली, काही यंत्रांत अल्मनॅकही गेला, आणि शोध शून्यापासून. प्रवासापुरते दोन दिवस सेल काढले तर काही बिघडत नाही.

मोकळंआकाश

अँटेनाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. जमिनीवर पोचणारा जीपीएसचा सिग्नल एका वॉटचे कोटी-अब्ज भाग केले तर साधारण त्यातल्या एका भागाएवढा असतो. यंत्र धरायची पद्धतसुद्धा इथे फरक पाडते.

वरच्या टोकाला जाड बोटासारखा दांडा बाहेर आलेला असेल, तर आत बहुधा मळसूत्री, म्हणजे हेलिक्स अँटेना आहे. असं यंत्र उभं धरायचं, दांडा आकाशाकडे. दांडा नसेल तर बहुतेक वेळा पडद्याच्या वरच्या भागाखाली चौकोनी चपटी पॅच अँटेना असते. ते यंत्र आडवं, पडदा आकाशाकडे करून ठेवायचं. पॅचवालं यंत्र गळ्यातल्या पट्ट्याला उभं लटकवलं की त्याचं तोंड अर्धं तुमच्या छातीकडे आणि अर्धं क्षितिजाकडे होतं. माणसाचं शरीर पाण्याने भरलेलं आहे, ते हा सिग्नल गिळतं. पहिल्या फिक्ससाठी यंत्र सॅकवर किंवा दगडावर ठेवून दोन पावलं मागे सरका. हाताची बोटं अँटेनावर येत नाहीत ना, तेही पाहा. गाडीच्या टपावर ठेवलं तर उत्तम. गाडीच्या आत काचेवर धातूचा पातळ थर असेल तर पट्ट्या उमटणारच नाहीत, आणि हॉटेलच्या खिडक्यांचं, आगगाडीच्या काचांचंही बऱ्याचदा तेच.

तुम्ही दक्षिण गोलार्धात जाताय, म्हणून हे खास. उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. ५५ अंशांच्या पलीकडच्या अक्षांशावर कुठलाच उपग्रह बरोबर डोक्यावर येत नाही. त्यामुळे उत्तर गोलार्धात मध्यम अक्षांशांवर उत्तरेकडच्या आकाशात एक रिकामी जागा राहते आणि दक्षिण बाजू भरलेली असते. दक्षिण गोलार्धात हे उलटं होतं. दक्षिणेला ४० अंशांवर दरीत उभे असाल तर उत्तरेकडचं आकाश मोकळं हवं. डोंगराच्या उत्तर उतारावर फिक्स लवकर मिळेल, दक्षिण उतारावर कडा नेमका उपयोगाचे उपग्रह झाकतो. उत्तर गोलार्धात वर्षानुवर्षं वापरून हाताला लागलेली सवय तिथे फसवते.

शिवाय ‘वास’ किंवा ‘इग्नॉस’ असं सेटिंग असेल तर ते बंद करा. जागेच्या दुरुस्त्या देणाऱ्या या उपग्रह प्रणाली ठरावीक भागापुरत्या असतात: वास उत्तर अमेरिकेत, इग्नॉस युरोपात, एमसास जपानकडे, गगन भारताकडे. त्यांच्या टापूबाहेर १२ पैकी एक-दोन चॅनेल त्यांच्या शोधात अडकून पडतात, आणि सिग्नल मिळालाच तरी दुरुस्ती तुमच्या भागाची नसते. ओळखायचं असं: पडद्यावर ३३ ते ६४ क्रमांकाचे उपग्रह या प्रणालींचे असतात. मूळ क्रमांकातून ८७ वजा करून दाखवायची पद्धत आहे, म्हणजे ५१ दिसला तर तो खरा १३८. जीपीएसचे स्वतःचे १ ते ३२. नव्या यंत्रांत ६५ च्या पुढचे दिसले तर ते ग्लोनास या रशियन प्रणालीचे. ते चालू ठेवा, अरुंद दरीत फार मदत होते. सेल थोडे लवकर संपतील, एवढंच.

दिशादर्शी

सगळ्यांचे आभार. ‘बॅटरी सेव्ह’ चालू होता, तो काढला. वास बंद केलं. ‘न्यू लोकेशन’मधून नकाशावर खूण लावून यंत्र कट्ट्यावर आडवं ठेवलं. दोन मिनिटांत पाच पोकळ पट्ट्या, चौथ्या मिनिटाला चार भरीव आणि जागा आली.

आता दोन शंका. पडद्यावरची वेळ बरोबर आहे, पण तारीख १९ वर्षं मागची दाखवतोय आणि हाताने बदलता येत नाही. याचा पुढच्या शोधावर परिणाम होईल का? आणि जागा छापील नकाशावर टाकली तर साधारण सहाशे मीटर उत्तरेला सरकलेली येते. हे कशामुळे?

कक्षा५५

तारखेचं कारण ठरलेलं आहे. जीपीएसच्या संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत येतो, म्हणजे ० ते १०२३. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. क्रमांक पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये आणि दुसऱ्यांदा ६-७ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री शून्यावर आला, पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ ची. आत्ता १०२४ आठवड्यांचं कितवं चक्र चालू आहे ते उपग्रह सांगत नाही, यंत्राच्या फर्मवेअरने (आतल्या प्रोग्रॅमने) ते ठरवायचं असतं. जुन्या फर्मवेअरचा अंदाज एका ठरावीक दिवशी संपतो आणि तारीख ७१६८ दिवस मागे जाते. वर्षांत सांगायचं तर १९ वर्षं साडेसात महिने. प्रत्येक मॉडेलमध्ये तो दिवस वेगळा असू शकतो.

जागेवर याचा परिणाम नाही. आठवड्यातला सेकंद बरोबर असतो आणि जागेचं गणित त्यावर चालतं, म्हणूनच तुमची वेळही बरोबर येते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि चंद्राची कला मात्र चुकीची दाखवेल, त्यावर विसंबू नका. ट्रॅकमध्येही जुनी तारीख नोंदली जाईल. नंतर फोटो आणि ट्रॅक जुळवायचे असतील तर संगणकावर ट्रॅकच्या प्रत्येक नोंदीत ७१६८ दिवस मिळवा. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी नवं फर्मवेअर काढलं असेल तर ते टाकून घ्या. ते नसेल तर इलाज नाही. हाताने तारीख भरायची सोय असती, तरी पुढच्या फिक्सला ती परत पुसली गेली असती.

चार पट्ट्या भरीव झाल्यावर लगेच बंद करू नका. पूर्ण अल्मनॅक यायला साडेबारा मिनिटं लागतात: ३० सेकंदांच्या २५ फ्रेम. जीपीएसची वेळ आणि जागतिक प्रमाण वेळ यांच्यात २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे, तो आकडाही त्याच फेरीत एकदाच येतो. पहिल्या काही मिनिटांत घड्याळ थोड्या सेकंदांनी चुकलेलं दिसलं तर ते यामुळे. वीस मिनिटं सलग चालू ठेवा. दक्षिणेला पोचल्यावर पुन्हा ‘न्यू लोकेशन’ करावं लागेल, पण ताजा अल्मनॅक हाताशी असेल.

टोपोशीट

सहाशे मीटरला दोन कारणं असू शकतात. दोन्ही तपासा.

पहिलं डेटमचं, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो आधार धरतात त्याचं. यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक डेटमवर चालतं. छापील नकाशा जुना असेल तर त्या देशाच्या जुन्या डेटमवर काढलेला असतो. जपानचे जुने टोकियो डेटमचे नकाशे घेतले तर फरक चारशे मीटरच्या वर जातो. चीनमध्ये तर प्रकाशित नकाशेच मुद्दाम सरकवलेले असतात, १०० ते ७०० मीटर, आणि तो फरक जागोजागी बदलतो. नकाशाच्या समासात डेटमचं नाव छापलेलं असतं, तेच यंत्राच्या युनिट्सच्या पानावर निवडा. मोबाईलवरच्या नकाशाशी किंवा सोबत्याच्या यंत्राशी जागा पडताळताना मात्र परत डब्ल्यूजीएस ८४ लावा, आणि बचाव पथकाला जागा कळवतानाही तेच.

दुसरं कारण जास्त नेहमीचं आहे, आणि तुमचा आकडा बघून माझा संशय त्याच्यावरच आहे. यंत्र ‘अंश आणि दशांश मिनिटं’ दाखवतं, नकाशाच्या कडेला ‘अंश, मिनिटं, सेकंद’ असतात. पडद्यावर ३०.५०० मिनिटं असतील तर ती ३० मिनिटं ३० सेकंद झाली. घाईत कुणी ती ३० मिनिटं ५० सेकंद अशी वाचली, तर २० सेकंदांची चूक होते. अक्षांशात एक सेकंद म्हणजे ३१ मीटर, वीस सेकंद म्हणजे सहाशेवर. तुमची जागा सरळ उत्तरेकडेच सरकली आहे, पूर्व-पश्चिम नाही, म्हणून आधी हे बघा.

दिशादर्शी

टोपोशीट, तुमचा संशय बरोबर निघाला. पडद्यावर ४२.५०० मिनिटं होती, नकाशावर ती ४२ मिनिटं ५० सेकंद धरून टाकली गेली. तिथे ३० सेकंद हवे होते. यंत्रात आता अंश-मिनिटं-सेकंद लावलंय, खूण जागेवर आली. डेटमही समासात पाहिलं, डब्ल्यूजीएस ८४ च आहे.

एक राहिलं. डोंगरात चालताना सगळ्या पट्ट्या एकदमच गेल्या तर काय समजायचं?

मोकळंआकाश

एकेक करून गेल्या तर झाडी, कडा किंवा तुमचं शरीर. डोक्यावर मोकळं आकाश असताना सगळ्या एका क्षणी गेल्या तर आधी सेल पाहा. झाकण सैल असलं की धक्क्याने यंत्र क्षणभर बंद होऊन परत चालू होतं आणि पट्ट्या शून्यापासून भरायला लागतात. सेलच्या टोकांवर आणि स्प्रिंगवर पांढरी पूड दिसली तर खोडरबराने घासून काढा.

सेल ठीक असतील तर जवळचं दुसरं यंत्र कारण असू शकतं. सॅकच्या त्याच खणात चालू कॅमेरा, पॉवर बँक किंवा वॉकीटॉकी असेल तर ती हातभर लांब न्या आणि पाच मिनिटं थांबा. जीपीएस जाणूनबुजून दाबण्याचे प्रकार पूर्व भूमध्य समुद्र, काळा समुद्र, बाल्टिक अशा भागांत होतात. तिथे पट्ट्या नुसत्या जात नाहीत, कधीकधी जागाच भलत्या ठिकाणी उडी मारते. तुमच्या वाटेवर ही शक्यता फारच कमी.

आठ दिवसांच्या वाटेत रोज सकाळी तंबू आवरताना यंत्र उत्तरेकडे उघड्या दगडावर चालू करून ठेवा. एफेमेरिस साधारण चार तासच चालतं, म्हणजे रात्रभर बंद ठेवलेलं यंत्र सकाळी ते नव्याने उतरवणारच. सॅक भरून होईपर्यंत पट्ट्या भरीव झालेल्या असतील. निघण्याआधी तंबूच्या जागेचा वेपॉइंट टाकून घ्या.